स्पोकन ट्यूटोरियल: सी प्रोग्रॅमिंगला घाबरणाऱ्या पोरांसाठी

आमच्या कॉलेजात पहिली सेम संपली की जी पोरं गावी जातात, त्यातली काही परत येतच नाहीत. फी हे कारण असतंच. पण मी कॉम्प्युटर लॅब सांभाळतो, त्यामुळे मला दुसरं कारणही दिसतं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, घरी कॉम्प्युटर नाही आणि आल्या आल्या समोर सी प्रोग्रॅमिंग, म्हणजे सी या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिणं. विषय बॅक राहतो, मग वायडी म्हणजे वर्ष वाया, मग ‘शेती बघतो आता, सर.’

अशा पोरांना मी आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्यूटोरियल, म्हणजे सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे व्हिडिओ, लावून देतो. प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी सुरू केलेला हा प्रकल्प केंद्र सरकारच्या पैशातून उभा राहिला, आणि व्हिडिओ बघायला फुकट आहेत. एकेक व्हिडिओ साधारण १० मिनिटांचा. आवाज मराठी, स्क्रीन इंग्रजी. हे मला फार पटतं, कारण प्रॅक्टिकलला एरर काही मराठीत येणार नसते.

खरी गंमत बघण्यात नाही, टाइप करण्यात आहे. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी. तिकडे दाखवलं तेवढं इकडे करायचं, व्हिडिओ थांबवायचा, जुळलं का बघायचं. सी चा पहिला प्रोग्रॅम ‘टॉक टू अ टीचर’ एवढंच छापतो. पण पुढे मुद्दाम चूक करून दाखवतात, कुठे कंस गाळतात, कुठे सेमीकोलन, आणि आलेली एरर वाचायला शिकवतात. लाल अक्षरं दिसली की कीबोर्डवरून हात काढून घेणारी पोरं इथे सुधारतात. चाळीस जणांच्या बॅचमध्ये एकेकाजवळ बसून एवढं सांगणं आमच्याने होत नाही.

आता उणं. सी ची मालिका उबुंटू ११ या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जमान्यातली आहे, स्क्रीन जुनाट दिसतात. मराठी जरा पुस्तकी, पोरं हसतात. सगळ्याच विषयांचं मराठी डबिंग झालेलं नाही. आणि लॉजिक यातून येत नाही. लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा कोडचा भाग, कागदावर फिरवून दाखवायला सर किंवा मॅडमच लागतात. थिअरीच्या पेपरला तर याचा भरवसा धरूच नका.

मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलवाल्यांनी सायलॅबची मालिका जरूर बघावी; मॅटलॅबसारखी गणितं करणारं हे फुकट सॉफ्टवेअर आहे. मॅटलॅबचं लायसन्स कोणाच्या खिशाला परवडतं? याच घरच्या फॉसी प्रकल्पात (फुकट, मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणारा आयआयटी मुंबईचाच प्रकल्प) पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं कोडमध्ये उतरवून दिली, तर मानधनही मिळत आलं आहे. मेसचं बिल थकलेल्या थर्ड इयरच्या पोराला ही माहिती आधी सांगावी, सर्टिफिकेटची नंतर.

होस्टेलला नेट नसेल तर व्हिडिओ डाउनलोड करून पेनड्राइव्हवर न्या, चालतात. लॅबमध्ये बसणार असाल तर हेडफोन स्वतःचे आणा, आमच्याकडचे एकाच कानात वाजतात.