हँडब्रेकचे २५,३०८ रुपये

आकडा आधीच सांगून टाकते, ज्यांना हसायचंय त्यांनी इथेच हसून घ्यावं. पंचवीस हजार तीनशे आठ. जुन्या गाडीचा हँडब्रेक जाम झाला होता, बाकी काही नाही. शेवटी तेच काम आमच्या नेहमीच्या मेकॅनिकनं १,१५० रुपयांत केलं. आणि मी सत्तावीस वर्षं अकाउंट्समध्ये आहे. दुसऱ्यांची बिलं तपासण्याचा पगार घेते. घरात हे कळल्यावर दीर काय म्हणाले ते लिहीत नाही.

गाडी २००९ सालची, पेट्रोल, छोटी. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हताच. २०२४ च्या जुलैत आई पडली म्हणून मी देवरूखला गेले ती २५ ऑगस्टला पुण्यात परतले. पाच आठवडे गाडी सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये पावसात उभी, हँडब्रेक कचकन ओढलेला. हे माझंच. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी करायची असेल तर हँडब्रेक ओढू नका. पहिला गिअर टाका, चाकामागे वीट लावा आणि जा. मला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्येही हँडब्रेक ओढायलाच शिकवतात.

मंगळवारी, २७ तारखेला गाडी काढायला गेले. लगेच सुरू झाली, त्याचा आनंद दोन सेकंद टिकला. पहिला गिअर टाकून क्लच सोडला तर गाडी मागून खाली बसल्यासारखी झाली आणि जागची हलली नाही. लिव्हर पूर्ण खाली, डॅशबोर्डवरचा लाल दिवा गेलेला. (तो दिवा लिव्हरजवळच्या स्विचवर चालतो, चाकाचं त्याला काही कळत नाही. हे ज्ञान आता आहे.) तीन-चारदा प्रयत्न केल्यावर क्लच जळल्याचा वास यायला लागला, तेव्हा थांबले.

नेहमीच्या मेकॅनिकला फोन लावला तर उचलेना. दहीहंडी. त्याची सगळी पोरं गोविंदा पथकात, दुकान बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीला न्यायचं होतं. नवरा नोकरीनिमित्त नागपूरला. हे सगळं सांगतेय कारण ‘एवढी काय घाई होती’ हा प्रश्न मला अकरा जणांनी विचारलाय.

मोबाईलवर शोधलं. सगळ्यात वर ‘घरपोच कार दुरुस्ती’, भरपूर तारे, खाली कौतुकाचे शेरे. ते सगळे एकाच आठवड्यात आणि एकाच धाटणीच्या मराठीत लिहिलेले होते, हे मी नंतर वाचलं. येण्याचे ३९९ रुपये आधी भरायचे, काम केलं तर बिलातून वजा. भरले.

पाऊण तासात दोघं स्कूटरवरून आले. थोरला तिशीचा, अतिशय नम्र. ‘ताई, काळजी करू नका.’ डाव्या मागच्या चाकाखाली जॅक लावला, चाक हातानं फिरवून पाहिलं, जाम. मग म्हणाला, ‘ताई, थोडं पाणी मिळेल का प्यायला?’ मी तिसऱ्या मजल्यावर गेले, कारण आपल्याकडे पाणी मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. जिन्यात असताना खालून हातोड्याचे आवाज आले, टण टण टण. चार-पाच असतील. कोणी मेकॅनिक पाणी मागितलं तर वॉचमनला पाठवा. स्वतः जागेवरून हलू नका. मी तांब्या-भांडं घेऊन खाली आले तोवर माझी फसवणूक अर्धी पार पडली होती.

चाक निघालेलं होतं. ड्रमच्या (चाकामागचा लोखंडी डबा, ज्याच्या आत ब्रेक असतो) मागच्या पत्र्यावरून काळं तेल ओघळत होतं. ‘ताई, व्हील सिलिंडर फुटलंय. ब्रेक ऑइल बघा, सगळं बाहेर. देव पावला म्हणायचा, चढावर फेल झाला असता.’ माझं बोट धरून त्या तेलाला लावलं, अगदी डॉक्टरनं एक्स-रे दाखवावा तसं. ड्रम काढलेलाच नव्हता. ब्रेक ऑइलच्या दाबानं ब्रेक लावणारं हे सिलिंडर ड्रमच्या आत असतं. न उघडता ते फुटलेलं याला दिसलं कसं, हे विचारायचं सुचलं नाही. मी अकाउंटंट आहे, मेकॅनिक नाही.

पण पुढचं मात्र मला कळायलाच हवं होतं. मी वर जाऊन नळाखाली हात धुतला. बोटावरचा डाग जाईना. भांड्यांचा साबण दोनदा लावला तेव्हा गेला, नखाच्या कडेला तरीही राहिलाच. आपल्या गाड्यांमधलं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, साध्या पाण्यानं धुतलं जातं. नवं असताना फिकट पिवळं दिसतं, जुनं झालं की तपकिरी. साबणाशिवाय न जाणारा काळा चिकट डाग म्हणजे इंजिन ऑइल. ते त्यानं बाटलीतून आणून ओतलं होतं, मी जिन्यात असताना. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघायला दहा सेकंद लागतात. ‘सगळं बाहेर’ आलं असेल तर डबीतली पातळी खाली गेलेली हवी. आमची डबी वरच्या रेषेपर्यंत भरलेली होती. अजूनही तशीच आहे.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी स्वतःला माफ केलं असतं. भागलं नाही. ‘ताई, गॅरेजला न्यावी लागेल. टोइंगचे अडीच हजार होतील, पण तुमचे पैसे कशाला घालवायचे? मी हळूहळू चालवत नेतो.’ मी त्याचे आभार मानले. पाच हजार ॲडव्हान्स दिले. तो गाडीत बसला, गाडी सुरू केली, रिव्हर्स घेतली, वळवली आणि गेटकडे निघाला. मी वॉचमनला ओरडून सांगितलं, ‘गेट उघडा, गाडी येतेय.’

गाडी येतेय! सकाळी चारदा प्रयत्न करून इंचभर न हललेली गाडी. जिच्या दुरुस्तीसाठी मी या माणसाला बोलावलं होतं, ती गाडी याच्या हातात लोण्यासारखी चालली होती, म्हणजे दुरुस्ती होऊन गेली होती. जिन्यात ऐकलेले ते चार-पाच ठोके, तीच दुरुस्ती. आणि ब्रेक फुटलेली गाडी घेऊन हा दहीहंडीच्या दिवशी सिंहगड रोडच्या गर्दीत चालला होता, हसत, एका हातानं. मी गेटवर उभी राहून मागे बघत होते आणि मनात म्हणत होते, किती भला मुलगा आहे. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला ते गेट दिसतं. पंचवीस हजारांचं दुःख वेगळं, त्या गेटची लाज वेगळी.

त्यानंतर फोन. ‘ताई’ची ‘मॅडम’ झाली. एकेक भाग वाढत गेला आणि दर वेळी ‘सेफ्टीचा विषय आहे मॅडम, घरात म्हातारं माणूस आहे’. सासूबाईंचं मीच सांगितलं होतं. बुधवारी सकाळी त्यांना रिक्षानं नेलं, संध्याकाळी त्यानं गाडी सोसायटीबाहेर आणून दिली. गॅरेज मी पाहिलंच नाही. बिल असं: ड्रम जोडी ४,२००, लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) सेट १,८५०, व्हील सिलिंडर दोन १,९६०, हँडब्रेक केबल जोडी २,४००, मास्टर सिलिंडर ३,६५०, ब्रेक ऑइल आणि ब्लीडिंग ९००, मजुरी ४,५००. बेरीज १९,४६०. त्यावर २८ टक्के जीएसटी ५,४४८.८०. एकूण २४,९०९. ॲडव्हान्स वजा जाता १९,९०९ मी उभ्या उभ्या यूपीआय केले. दुकानाच्या नावावर नाही, कुठल्याशा बाईच्या वैयक्तिक खात्यावर. ३९९ वजा करायचे राहिले, ते मागायला मला संकोच वाटला.

बेरीज बरोबर होती, म्हणून मी बिल बरोबर मानलं. सवय. मजुरीवर २८ टक्के कसे, तिथे तर १८ लागतात, हे मी ऑफिसात झोपेत पकडलं असतं. आणि जीएसटी नंबर चौदा अक्षरी होता. पंधरा असतात. सुरुवातीला महाराष्ट्राचे २७ होते, तेवढंच नजरेनं पाहिलं आणि पुढे गेले. बिलावरचा नंबर मोजा, जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, आणि पैसे दिल्यावर नाही, देण्याआधी. दुकानाचं बिल आणि खातं माणसाचं असेल तर तिथेच थांबा.

खात्री पटावी म्हणून त्यानं ‘तुमचे जुने पार्ट’ एका गोणपाटाच्या पिशवीत बांधून दिले. या प्रामाणिकपणानं मी भारावले. जुने पार्ट मागून घ्या, असं सगळे सांगतात. मी सांगते, गाडी देण्याआधी ड्रमवर नेलपॉलिशचा ठिपका लावा. ठिपक्याचा पार्ट परत आला तर तुमचा, नाहीतर भंगारातला.

रविवारी, १ सप्टेंबरला गणपतीच्या खरेदीला मंडईत गेले. केबल नवी, ड्रम नवे, मग काय, पार्किंगमध्ये हँडब्रेक ऐटीत ओढला. परत आले तर गाडी जाम. तेच चाक. मागे हॉर्न, वर पाऊस, हातात मखराचं सामान. या वेळी आमच्या मेकॅनिकनं फोन उचलला. स्कूटर घेऊन आला, चाक काढलं, ड्रमवर बेतानं ठोकलं, ड्रममागचा केबलचा छोटा लिव्हर पान्यानं ढकलला. बारा मिनिटं.

सोमवारी गॅरेजमध्ये त्यानं माझ्यासमोर ड्रम काढला. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या ड्रमला दोन आट्यांची भोकं असतात. त्यात बोल्ट पिळत गेलं की ड्रम आपोआप सुटून बाहेर येतो. आधी त्यानं मला ड्रम आणि हब यांच्यामधला गंजाचा गोल दाखवला. अखंड होता. ‘वहिनी, हे गेल्या महिन्यात कोणी उघडलेलंच नाही.’ आत लायनरच्या पट्टीवर पिवळ्या रंगात ‘३/२१’ लिहिलेलं. त्याचंच अक्षर. मार्च २०२१ मध्ये त्यानंच बसवले होते. सिलिंडर कोरडं ठणठणीत. खरा आजार एवढाच की डाव्या केबलची तार आवरणाच्या आत गंजली होती. हँडब्रेक खाली केला तरी तार मागे सरकत नव्हती, त्यामुळे लायनर ड्रमला धरून बसायचे. केबल ६५०, मजुरी ५००. लायनर काचकागदानं घासले, जिथे पत्रा घासतो तिथे चिमूटभर ग्रीस. त्यानं मला काही ऐकवलं नाही. ते जास्त लागलं.

आता तक्रारीचं ऐका. त्या घरपोचवाल्या माणसानं फोन एकदा उचलला, ‘मॅडम, आमच्या कामाची गॅरंटी आहे, मुलं पाठवतो’ म्हणाला आणि नंबर ब्लॉक केला. बिलावर सर्व्हे नंबर होता, तिथे जाऊन आले. मोकळा प्लॉट, म्हशी.

चौकीत पहिला प्रश्न, ‘पैसे तुम्ही स्वतःहून दिले ना?’ हो, दिले. फसवलं जाणारा माणूस स्वतःहूनच देतो, नाहीतर त्याला दरोडा म्हणतात. ‘मग हे दिवाणी आहे.’ मी म्हटलं, गाडीत तेल ओतून फुटलंय म्हणून सांगणं दिवाणी कसं? तेव्हा ते म्हणाले, चारशेवीस लावायला पुरावा लागतो. १ जुलैपासून ४२० जाऊन न्याय संहितेचं ३१८ आलंय, हे मी त्यांना सांगितलं. ही चूक झाली. त्यानंतर खुर्चीसुद्धा मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी वेगळे साहेब. काम कुठे झालं? माहीत नाही. मग हद्द कोणाची? मी म्हटलं, हद्द कोणाचीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावी लागते. ‘ताई, गणपतीचा बंदोबस्त आहे. विसर्जनानंतर या.’ विसर्जन १७ तारखेला. १८ ला गेले, तर अर्ज सापडेना. पुन्हा लिहून दिला, शिक्का मारून प्रत घेतली. शिक्क्याची प्रत पहिल्याच दिवशी घ्या. नंतर तुमच्या अर्जाला पाय फुटतात.

सायबर हेल्पलाइनवर वीस मिनिटं गाणं ऐकलं. ओटीपी दिला का? नाही. लिंक दाबली का? नाही. मग हे सायबरमध्ये बसत नाही. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलाय, समोरच्याचं नाव सांगता येणार नाही. ग्राहक आयोगाचं म्हणाल तर पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं, अर्ज ऑनलाइन होतो, हे सगळं मी वाचून काढलं. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो आणि माझ्याकडे म्हशींचा आहे. ज्यांच्याकडे पोलिसी अधिकार आहेत ते पत्ता शोधायला तयार नाहीत आणि ज्यांना पत्ता हवा त्यांच्याकडे शोधायची सोय नाही. या दोघांच्या मध्ये मी ऑफिसच्या चार रजा घालवल्या. त्या २५,३०८ मध्ये धरलेल्या नाहीत.

तो नंबर अजून चालू आहे. नाव बदललंय, तारे तेवढेच. मी एक तारा देऊन खरं काय ते लिहिलं होतं, आठ दिवसांत ते गायब झालं.

गोणपाटाची पिशवी चौकीत नेली होती. त्यातल्या ड्रमला नटांची पाच भोकं आहेत. आमच्या गाडीच्या चाकाला चार नट. ते मी साहेबांच्या टेबलावर मोजून दाखवलं. त्यांनीही मोजले. मग म्हणाले, ‘जपून ठेवा, लागला तर मागवू.’ तेव्हापासून ड्रम गॅलरीत आहे. खालच्या फरशीवर गंजाचं लाल कडं पडलंय, घासूनही जात नाही. परवा पाहिलं तर सासूबाईंनी त्यावर कोरफडीची कुंडी ठेवली होती. उंची बरोबर बसते म्हणाल्या.