उंच टाकीवरचा पाणीपुरवठा: दाबाला पैकीच्या पैकी, सफाईला मात्र नाही

थेट पंपावरचं पाणी आणि उंच टाकीवरचं पाणी, दोन्ही मी वर्षानुवर्षं भरलंय. छोट्या गावाला टाकीच हवी, असं माझं ठाम मत आहे.

पंपावर असताना वीज गेली की नळ लगेच कोरडा. टाकी असली की साठा उतरेपर्यंत काळजी नाही, कारण पाणी स्वतःच्या वजनानेच खाली येतं. टाकीतली पातळी नळापेक्षा दहा मीटर उंच असली की दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब मिळतो. टाकीच्या रुंदीचा त्याच्याशी काही संबंध नाही. रुंदी वाढली की साठा वाढतो, एवढंच. पंपालाही आराम. रात्रभर एका लयीत टाकी भरायची, मग सकाळी सगळ्यांनी एकदम नळ सोडले तरी त्याच्यावर ताण येत नाही.

वाफेच्या पंपांच्या काळात दट्ट्याच्या धक्क्यांनी पाईपलाइन हादरायची. ते धक्के जिरवायला उभा उंच पाईप लावत. शिकागोचा 1869 सालचा दगडी मनोरा अशाच पाईपभोवती बांधलेला. 1871 च्या भीषण आगीतूनही तो वाचला. पुढे ऑटो इंत्झे या जर्मन इंजिनिअरने टाकीचा तळच बदलला. मधे घुमट, कडेने उलटा शंकू. घुमट बाहेर रेटतो, शंकू आत रेटतो, आणि खालच्या कड्यावर जवळपास फक्त सरळ भार उरतो. काय सुंदर हिशेब आहे!

मला सगळ्यात आवडते ती बाहेरची मोजपट्टी. आत फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, त्याची दोरी कप्पीवरून बाहेर, टोकाला वजन. पाणी चढलं की वजन खाली उतरतं, म्हणून टाकी भरल्याची खूण पट्टीच्या तळाशी असते. रस्त्यावरून एका नजरेत साठा कळतो.

पाचपैकी एक तारा कापतोय तो सफाईसाठी. तळाला गाळ बसतोच. वॉशआउट व्हॉल्व्ह (तळाचं गाळपाणी बाहेर सोडायची झडप) उघडून, आत माणूस उतरवून टाकी धुवावी लागते आणि हेच काम पुढे ढकललं जातं. मग टाकी तळाला गेली की बादलीत गढूळ पाणी. साठलेल्या पाण्यातलं क्लोरीनही हळूहळू उतरतं, तेव्हा ते टाकीपाशी तपासून भागत नाही. शेवटच्या नळावर तपासा. आणि शेवटच्या सफाईची तारीख टाकीच्या खांबावर ठळक रंगवा, म्हणजे पाचवा तारा लगेच देतो.