कर्जतची ‘श्रद्धा’: रस्त्यावरचा मनोरुग्ण घरी पोहोचतो, पुढच्या गोळ्यांचं काय?

रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ वेणगावला श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचं केंद्र आहे. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने १९८८ मध्ये मुंबईत काम सुरू केलं, कर्जतचं केंद्र २००६ मध्ये उभं राहिलं. २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला आणायचं, उपचार करायचे, पत्ता शोधून घरी पोहोचवायचं, आणि हे सगळं मोफत.

पुलाखाली जटा वाढलेला, स्वतःशी बोलत बसलेला माणूस दिसला की लोक वडापाव देतात, थंडीत पांघरूण देतात. त्याला डॉक्टरकडे न्यायला हवं हे मात्र कुणाला सुचत नाही. ‘श्रद्धा’चं मोठेपण इथे आहे: ती या माणसाकडे आधी रुग्ण म्हणून पाहते. अशांपैकी बऱ्याच जणांना स्किझोफ्रेनिया असतो. कानात आवाज येतात, कुणीतरी जिवावर उठलंय असं वाटतं, त्या भीतीने माणूस घर सोडतो, मिळेल त्या गाडीत चढतो आणि हजार-दीड हजार किलोमीटरवर उतरतो. तिथली भाषाही त्याला येत नाही.

आणल्यावर पहिलं काम शरीराचं. आंघोळ, केस कापणं, जखमा धुणं, रक्ततपासणी. चिघळलेले पाय, रक्तक्षय, क्षयरोग यांपैकी काहीतरी बहुतेकांना असतंच. मग रिस्पेरिडोन, ओलान्झापिनसारखी भ्रम कमी करणारी औषधं. हातपाय ताठरले, लाळ गळू लागली तर औषध बदलावं लागतं किंवा ताठरपणावरची गोळी जोडावी लागते. भ्रम ओसरायला काही आठवडे जातात, आणि मग पत्ता तुकड्या-तुकड्यांनी येतो: आधी स्वतःचं नाव, मग नदी, बाजाराचा वार, जवळचं स्टेशन. रुग्णाची भाषा बोलणारा माणूस समोर असला तर हे खूप लवकर होतं. ‘श्रद्धा’चे कार्यकर्ते रुग्णाला रेल्वेने त्याच्या गावापर्यंत सोबत नेतात. एकट्याला गाडीत बसवलं तर तो पुन्हा वाटेतच हरवू शकतो.

खरी परीक्षा त्यानंतरची. बरं वाटतंय म्हणून घरचे गोळ्या बंद करतात, किंवा पुरवठा संपतो आणि तालुक्याला औषध मिळत नाही. काही महिन्यांत आवाज परततात आणि माणूस पुन्हा निघतो. हजार किलोमीटरवरून कोणत्याही संस्थेला रोजच्या गोळीवर लक्ष ठेवता येणार नाही. म्हणून घरच्यांनी पहिल्याच आठवड्यात उपचारांचे कागद घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नाव नोंदवावं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून तिथे औषधं मोफत मिळायला हवीत. गोळी घ्यायची राहतच असेल तर महिन्यातून एकदा द्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारावं.

मतिमंदत्व किंवा स्मृतिभ्रंश असलेल्यांना ही पद्धत कमी लागू पडते. औषधाने पत्ता परत येत नाही, तिथे कायमचा निवारा लागतो. घर नकोच असलेल्या, किंवा घरच्यांनी दार लावून घेतलेल्या स्त्रियांचंही तसंच.

रस्त्यावर असा माणूस दिसला तर, संस्था कितीही चांगली असली तरी, सुरुवात पोलिसांपासून करावी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार अशा व्यक्तीला संरक्षणात घेणं हे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. चोवीस तासांच्या आत तिला जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावं लागतं आणि लॉकअपमध्ये कोणत्याही परिस्थितीत ठेवता येत नाही. बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून कुटुंबाचा शोध घेणंही ठाण्याकडेच. व्यक्ती न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे आली तर कलम १०२ खाली ते तपासणीसाठी जास्तीत जास्त दहा दिवस दाखल करण्याचा आदेश देऊ शकतात. आधार कार्ड नाही, रेशन कार्ड नाही, हे उपचार नाकारायचं कारण होऊच शकत नाही: कलम १८ प्रमाणे बेघर व्यक्तीला सरकारी मानसोपचार मोफत आहेत.

प्रत्यक्षात गाडं अडतं ते “ही आमची हद्द नाही” या वाक्यावर. अशा वेळी ११२ वर फोन करून तक्रारीचा क्रमांक मागा आणि जागा नेमकी सांगा: खांबाचा नंबर, दुकानाचं नाव, माणूस तिथे किती वाजता असतो. रात्री तो दुसरीकडे झोपत असेल तर तेही. स्त्री असेल तर महिला पोलीस मागा. स्वतः हात धरून ओढू नका. त्याला हल्ला झाल्यासारखं वाटतं आणि तो त्या भागातून नाहीसा होतो. समोर, थोड्या अंतरावर बसून पाणी पुढे करा. काय बोलायचं ते सुचत नसेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) विचारता येतं.

देणगी द्यायची असेल तर घरी गेलेल्या रुग्णांच्या औषधांसाठी द्यावी, असं आम्हाला वाटतं. नव्या इमारतीला देणारे मिळतात. बिहारमधल्या एखाद्या खेड्यातल्या माणसाच्या पुढच्या वर्षाच्या गोळ्यांना देणारे फार थोडे.