पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाची नियमावली: एका निवासी डॉक्टरच्या आईचा अभिप्राय

माझी मुलगी मुंबईत एमडी मेडिसिनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिची ही तीन वर्षे कशी जाणार हे ज्या कागदांवर ठरते, ती राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची २०२३ ची नियमावली मी बारकाईने वाचली.

त्यातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे जिल्हा निवासी कार्यक्रम, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याने तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करण्याची अट. मुलगी कोकणात जायला नाखूश होती. पहिल्याच आठवड्यात फुरसे चावलेला एक शेतमजूर आला. तिने त्याचे रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतले, वीस मिनिटे नळीला कोणाला हात लावू दिला नाही, मग ती तिरकी केली. रक्त गोठलेच नव्हते, म्हणजे सापाचे विष अंगात भिनले होते. तिने लगेच प्रतिविष सुरू केले. मुंबईत हा निर्णय तिच्यापर्यंत आलाच नसता, असे ती स्वतः सांगते.

वर्षाला किमान २० दिवसांची पगारी रजा नियमात आहे, तेही चांगलेच. कामाच्या तासांपाशी मात्र नियमावली हात आखडता घेते. तिथे ‘वाजवी तास’ एवढेच म्हटले आहे, आणि साप्ताहिक सुट्टीलाही कामाच्या निकडीची पुस्ती जोडली आहे. मुलीच्या युनिटच्या ड्यूटीच्या तक्त्यावर तिच्या नावापुढचे ‘ऑफ’ पेन्सिलीने खोडलेले मी पाहिले. त्या महिन्यात तीन रविवार असेच गेले. तक्रार करायची तर कशाच्या आधारावर करायची? किती तास वाजवी, हे ठरवणारे युनिटचे वरिष्ठच असतात.

वास्तविक आकडा शोधायला लांब जावे लागत नाही. केंद्राच्या ५ जून १९९२ च्या आदेशात सलग १२ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. आयोगानेच नेमलेल्या, वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरील कृती दलाने २०२४ मध्ये आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास आणि एक दिवस सुट्टी अशी शिफारस केली. ४८ वरून ७४ वर येणे मला पटत नाही, पण निदान ती मोजता येणारी मर्यादा आहे. शिफारस कोणावर बंधनकारक नसते, आणि खरी अडचण तिथेच आहे. आयोगाला सल्ला देणाऱ्या वैद्यकीय सल्लागार परिषदेत राज्यांचेही सदस्य असतात. महाराष्ट्राच्या सदस्यांनी हा विषय तिथे लावून धरावा.

जिल्हा कार्यक्रमासाठी पाचपैकी पाच तारे, कामाच्या तासांसाठी एक.