उसाला नत्र : युरिया की ताग?

हवेत 78 टक्के नत्र आहे, पण उसाला ते थेट घेता येत नाही. युरिया हे खत आणि ताग हे हिरवळीच्या खतासाठी रानात गाडायचं पीक, या ते पुरवायच्या दोन वाटा.

युरियात 46 टक्के नत्र. 45 किलोच्या गोणीत जवळपास 21 किलो. पिवळा पडलेला ऊस लवकर हिरवा होतो, हे खरंच. पण बरंच नत्र पिकापर्यंत पोचतच नाही. चुनखडीच्या काळ्या रानात वर फेकलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडतो. उरलेल्याचं जिवाणू नायट्रेट करतात आणि ते पाण्याबरोबर झिरपत विहिरीत उतरतं. तेच पाणी लेकरं पितात, म्हणून ही गळती मला फार खुपते. रानात पाणी साचलं तर नायट्रस ऑक्साइडही तयार होतो. पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट.

तागाच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र बांधतात. गाठ फोडून पाहा, आतून गुलाबी असेल तर काम चालू आहे. फुलोऱ्यात गाडलेला ताग कुजताना नत्र हळूहळू सोडतो, शिवाय सेंद्रिय कर्ब देतो. मात्र दीड-दोन महिने रान अडकतं.

माझा कौल : लागणीआधी ताग, मग युरिया लागेल तेवढाच, हप्त्यांनी, मातीआड करून.