४५० की ५००? दुसरं हेली निवडताना

पहिलं छोटं हेली, म्हणजे रिमोटवर उडवायचं हेलिकॉप्टर, हातात बसलं, शेपटी आपल्याकडे ठेवून तरंगवणं जमलं, डावी-उजवी बाजू जमली, समोरून तोंड आपल्याकडे असताना बोटं गोंधळायची थोडी कमी झाली, की पुढचं मशीन कोणतं हा प्रश्न येतोच. आणि बहुतेक जण ४५० आणि ५०० या आकाराच्या दोन वर्गांपाशी येऊन थांबतात. मीही थांबलो होतो. आधी ४५० घेतलं, ते बरेच दिवस उडवलं, पाडलं, दुरुस्त केलं आणि मग ५०० घेतलं. आज दोन्ही माझ्याकडे आहेत, म्हणून दोघांबद्दल थोडं जबाबदारीने बोलू शकतो.

या आकड्यांनी नवीन माणसाची फसगत होते, तेवढं आधी सांगतो. आकडा म्हणजे पात्याची मिलिमीटरमधली लांबी असं वाटतं, पण इथे तसं नाही. ४५० वर्गात एक पातं साधारण ३२५ मिमीचं असतं आणि ५०० वर्गात ४२५ मिमीचं. ५५० पासून पुढे मात्र आकडा आणि पात्याची लांबी सहसा जुळते. फिरत्या पात्यांच्या वर्तुळाचा व्यास ४५० चा सुमारे ७० सेंमी आणि ५०० चा सुमारे ९७ सेंमी. पाऊण हातापेक्षाही कमी फरक वाटतो, पण क्षेत्रफळ काढून बघितलं तर जवळजवळ दुप्पट होतं. वजनही त्याच बेताचं: ४५० बॅटरीसकट पाऊण-एक किलोच्या आत, ५०० पावणेदोन किलोच्या आसपास. मोटर, सर्व्हो (पात्यांचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरी), जायरो (मशीनचं वळणं-झुकणं ओळखून सावरणारा सेन्सर) यांची माहिती तुम्ही वाचलीच असेल, त्यात शिरत नाही.

मैदानावर जाणवणारा पहिला फरक म्हणजे दिसणं. छोट्या हेलीवर आपण दहा-बारा पावलांत उडवतो, त्यामुळे हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो. ४५० पुढे सरकतं, वेग घेतं आणि बघता बघता वीस-पंचवीस मीटरवर जातं. तिथे ढगाळ आभाळासमोर ती एक काळी रेघ होते. नाक इकडे आहे की तिकडे, हे कळायला अर्धा सेकंद जास्त लागतो आणि तेवढ्यात ते वळलेलं असतं. आकारांचा हिशेब मांडला तर ४५० वीस मीटरवर जेवढं दिसतं, तेवढं ५०० सत्तावीस-अठ्ठावीस मीटरवर दिसतं. सात-आठ मीटर म्हणजे फार नाही, असं मलाही वाटलं होतं. पण शिकणाऱ्याच्या हाती तेवढाच वेळ असतो. माझी ४५० ची निम्मी पडझड बोटांच्या चुकीने झाली नाही, डोळ्यांच्या चुकीने झाली. दोघांचा अनुभव सारखाच असेल असं नाही. तुमची नजर चांगली असेल तर हा मुद्दा थोडा हलका धरा.

वाऱ्याचंही तसंच. सकाळच्या स्थिर हवेत ४५० इतकं गोड उडतं की दुसरं काही नको वाटतं. झुळूक सुरू झाली की ते सारखं काहीतरी मागत राहतं, इकडे थोडं, तिकडे थोडं. ५०० त्याच झुळकेत जरा विचार करून हलल्यासारखं हलतं. पात्यांचे फेरे कमी असतात, ४५० जिथे मिनिटाला २८०० च्या पुढेमागे फिरवावं लागतं तिथे ५०० माझ्याकडे २२०० वर सुखाने तरंगतं, आणि जड पात्यांमुळे सगळ्या हालचाली किंचित सावकाश होतात. त्या सावकाशीत शिकायला जागा मिळते.

एवढं वाचून वाटेल की मी ४५० ला कमी लेखतोय. तसं नाही. त्याची बाजू भक्कम आहे. पडल्यावर खर्च कमी येतो, हे खरं आहे. तैवानच्या अलाइन कंपनीच्या टी-रेक्स ४५० ने हा वर्ग इतका रूढ केला की त्याच मापाचे, एकमेकांत बसणारे सुटे भाग अनेक जण बनवू लागले. मुख्य शाफ्ट, पाती, शेपटीची नळी सगळं सहज मिळतं. बॅटरी ३ एस (म्हणजे ओळीने जोडलेले तीन सेल) २२०० एमएएचची, जी विमान उडवणाऱ्यांकडेही पडून असते. पिशवीत मावतं. लहान मैदान पुरतं. तुमच्याकडे आधीच या बॅटऱ्या आणि छोटा चार्जर असेल तर ४५० जवळजवळ आपोआप निवडलं जातं, आणि त्यात चूक काही नाही.

मग माझं पारडं कशामुळे फिरलं? दीड मिलिमीटरच्या ॲलन कीमुळे.

४५० वर जवळजवळ सगळे स्क्रू एम २ चे, म्हणजे २ मिमी जाडीचे असतात. त्यांच्या डोक्यातलं षटकोनी भोक दीड मिमीचं, आणि त्यात बसणारी षटकोनी किल्ली म्हणजे ॲलन की. कंपनाने सुटू नयेत म्हणून धातूत बसणाऱ्या प्रत्येक स्क्रूला थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा गोंद) लावलेलं असतं आणि ते लावायलाच हवं, त्याला पर्याय नाही. हेली पडलं की सर्वांत आधी वाकतो तो रोटर हेडमधला (पाती बसतात त्या वरच्या भागातला) स्पिंडल, म्हणजे पाती ज्याच्यावर धरलेली असतात तो आडवा दांडा. तो बदलायचा तर दोन्ही टोकांचे स्क्रू काढायचे. एक सुटतो. दुसरा सुटताना स्पिंडलच गोल फिरायला लागतो, म्हणून काढलेला स्क्रू परत घालून दोन्हीकडून पीळ द्यायचा. इथे दीडची किल्ली भोकाच्या आत कडेवरून घसरते. एकदा घसरली की भोक गोल होतं आणि मग त्या स्क्रूत काहीच पकडत नाही.

मी सोल्डरिंग आयर्नने डोकं तापवून थ्रेडलॉक मऊ करायला शिकलो. चांगल्या पोलादाच्या किल्ल्या घेतल्या, त्याने खरंच फरक पडला, स्वस्त किल्ल्यांनी काम करू नका. टोक झिजलं की घासून नवं काढायला शिकलो. तरीही एका संध्याकाळी शेपटीच्या हबमधला बारीकसा ग्रब स्क्रू गोल झाला. डोकंच नसलेला स्क्रू, नळीत बुडालेला. तापवला, ठोकला, शेवटी ड्रिलने पोखरला. त्यात शेपटीचा शाफ्ट गेला, शाफ्ट बदलताना बेल्ट सुटला, बेल्ट बसवताना तो उलटा पिळला गेला आणि शेपटी विरुद्ध बाजूला फिरायला लागली. पुन्हा सगळं उघडलं. ज्या पडण्यात फक्त पाती आणि स्पिंडल गेले होते, त्यापायी तीन रविवार मशीन टेबलावर पडून राहिलं.

ते तीन रविवार मला सर्वांत जास्त खटकले. पैसे फार गेले नव्हते. पण समोरून तोंड आपल्याकडे असतानाचा हॉवर (एका जागी तरंगणं) नुकताच जमत आला होता, आणि चौथ्या रविवारी बोटं पुन्हा मागे गेलेली होती. सिम्युलेटरवर रोज बसत होतो, त्याचा उपयोगही झाला, पण खऱ्या मशीनसमोर गुडघे कापतात त्याचा सराव सिम्युलेटरवर होत नाही. शिकण्याच्या काळात मशीन किती लवकर परत हवेत जातं, यावर प्रगती ठरते असं माझं मत तेव्हा पक्कं झालं. तुमचे हात माझ्यापेक्षा स्थिर असतील, घड्याळाची कामं केलेली असतील, तर हा सगळा परिच्छेद तुम्हाला अतिशयोक्त वाटेल. माझ्यासाठी तो निर्णायक होता.

५०० वर बरेचसे स्क्रू एम २.५ आणि एम ३ चे असतात. म्हणजे दोन आणि अडीचची किल्ली. दीड आणि दोन यांत अर्धाच मिलिमीटर, पण किल्लीची पीळ सोसण्याची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून दोनची किल्ली दीडच्या किल्लीपेक्षा सव्वादोन पटींहून जास्त जोर झेलते. हातात घेतल्यावर हे आकडे सांगावे लागत नाहीत. किल्ली भोकात बसते तेव्हाच कळतं की ही घसरणार नाही. थ्रेडलॉक सुटताना एक बारीक ‘कट्’ आवाज येतो आणि स्क्रू फिरतो. ५०० वर पहिल्यांदा स्पिंडल बदलला तेव्हा मी घड्याळ लावलं नव्हतं, पण त्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा मैदानात होतो, एवढं आठवतं. ग्रब स्क्रू तिथेही लहानच असतात, त्यांना जपावंच लागतं. पण बॉल लिंक (दांड्यांचे गोळीवर बसणारे सांधे) काढणं, पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) आणि मेन गिअर (मोठं दातेरी चाक) यांच्यात कागदाची पट्टी ठेवून अंतर जुळवणं, जायरोच्या वायरी नीट बांधणं, सगळंच डोळ्यांना आणि बोटांना झेपेल अशा मापात येतं.

खर्चाचं मात्र लपवत नाही. ५०० पडलं की बिल मोठं येतं. पाती महाग, सर्व्हो महाग, गिअर महाग. बॅटरी ६ एसची, साधारण २६०० एमएएच. ऊर्जा मोजली तर ४५० च्या बॅटरीत सुमारे २४ वॉट-तास आणि हिच्यात सुमारे ५८. त्याच हिशेबाने चार्जरही हवा: तासाभरात भरायची तर ४५० ला पंचवीस-तीस वॉट पुरतात, ५०० ला साठ-सत्तर लागतात, आणि जुना छोटा चार्जर सहा सेल धरतच नाही. उडण्याचा वेळ दोन्हीकडे पाच-सहा मिनिटांचाच, त्यामुळे तीन बॅटऱ्यांशिवाय मैदानावर जाण्यात मजा नाही. नवीन बॅटरी आणि चार्जर दोन्ही धरून बजेट करा. मशीनपुरतेच पैसे बाजूला काढले तर ५०० अर्धवट पडून राहील, त्यापेक्षा ४५० बरं.

उलट बाजू अशी, की ५०० मी कमी वेळा पाडलं. थोडं वय, थोडा सराव, थोडं मोठं दिसणं, यातलं नेमकं कशामुळे ते वेगळं काढता येत नाही. पण भरपूर उड्डाणांनंतर माझ्या मनातला हिशेब असा आहे की ४५० च्या पाच लहान पडझडी आणि ५०० च्या दोन मोठ्या, यांत खर्च साधारण जवळ जवळ येतो. वेळ मात्र ५०० चा खूपच कमी जातो.

आता जिथे घाई चालत नाही ते. दोन्ही मशीनच्या पात्यांची टोकं सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास जातात, म्हणजे तासाला साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे. वेग सारखाच, पण ५०० चं पातं लांब आणि जड, त्यामुळे त्याचा घाव वेगळ्याच प्रतीचा असतो. पहिल्या हेलीच्या सवयीने पाच पावलांवर उभं राहू नका. मी दहा मीटरच्या आत ५०० सुरू करत नाही आणि माझ्या मागे कुणी लहान मूल असेल तर अजिबात नाही. थ्रॉटल होल्डची, म्हणजे मोटर तोडणारी कळ बोटाला डोळे मिटून सापडली पाहिजे. पडणार हे कळलं की आधी होल्ड, मग बाकी सगळं. मोटर बंद असताना पडलेलं मशीन आणि मोटर चालू असताना पडलेलं मशीन, यांच्या दुरुस्तीत दात गेलेल्या मेन गिअरचा आणि कधी कधी जळालेल्या ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) फरक असतो.

आणखी एक, जे मला कुणी वेळेवर सांगितलं नाही. फ्लायबार (पात्यांना आडवा असलेला, मशीन स्थिर ठेवणारा दांडा) नसलेल्या आणि ते काम जायरोवर सोपवलेल्या मशीनमध्ये जमिनीवर पाती फिरत असताना स्टिक इकडे तिकडे हलवून बघू नका. जायरोला वाटतं, मशीन झुकायला सांगितलंय पण झुकत नाहीये, म्हणून तो स्वॅशप्लेट (पात्यांना झुकवणारी तबकडी) आणखी तिरकी करत जातो. चाकं किंवा स्किड जमिनीवरून हलके झाले की मशीन सरळ आडवं होतं. छोट्या फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन कायम असलेल्या) हेलीवरून आलेल्या माणसाला ही सवय हमखास असते. पात्यांचे फेरे पूर्ण वेगाला येऊ द्या, स्टिक मध्यावर ठेवा आणि एका दमात, न रेंगाळता वर घ्या.

काही जण म्हणतात, मग ५५० च का नको, ते आणखी स्थिर. खरंय, आणि दिसतंही सुरेख. पण दुसरं मशीन म्हणून तो घास मोठा आहे. पडझडीचा खर्च, बॅटऱ्यांचं वजन, लागणारं मैदान, सगळं एकदम वाढतं आणि मनात भीती बसते. भीती बसली की माणूस फक्त तरंगवत राहतो, पुढे सरकत नाही.

तुमचं मैदान लहान असेल, ३ एसच्या बॅटऱ्या घरात असतील, बारीक कामाचा कंटाळा नसेल, तर ४५० घ्या आणि त्याबरोबर उत्तम प्रतीची दीडची किल्ली आणि दोन-तीन जास्तीचे स्पिंडल घ्या. यातलं काही नसेल, मैदान मोकळं असेल आणि चार्जरसकट हिशेब बसत असेल, तर मी ५०० कडे झुकेन. कोणतंही मॉडेल नक्की करण्याआधी त्याचं मॅन्युअल उघडा आणि रोटर हेडचं पान काढा. तिथे प्रत्येक स्क्रूपुढे माप छापलेलं असतं. एम २ किती आणि एम २.५ किती, ते मोजा. मी माझं ५०० त्या पानावरूनच निवडलं होतं.