रिपोर्ट सगळे नॉर्मल, तरी अंग ठणकतंय: रुमॅटॉलॉजी ओपीडीचा रिव्ह्यू

चार स्टार देतेय. पाचवा गेला तो फॉलोअपच्या गोंधळामुळे, पण पहिल्या तपासणीबद्दल मला मनापासून चांगलं लिहायचंय, कारण सगळं अंग दुखतंय आणि कुणालाच काही सापडत नाहीये अशा वेळी माणूस किती एकटा पडतो ते मला माहितीये. क्लिनिकचं नाव टाकत नाही. या त्रासासाठी कुठल्याही रुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या स्पेशालिस्टकडे गेलात तर तिथे काय व्हायला हवं ते कळावं म्हणून लिहितेय.

माझं दुखणं एका जागी बसतच नाही. मान, खांदे, कंबर, मांड्या, कधी तर जबडासुद्धा. पूर्ण झोप होऊनही सकाळी कुणीतरी झोडपून काढल्यासारखं अंग, आणि डोकं इतकं सुन्न की समोरचा आत्ता काय म्हणाला ते आठवत नाही. हाडांच्या डॉक्टरांकडे एक्सरे नॉर्मल, एमआरआयमध्ये मणक्याची थोडी झीज, जी वय वाढलं की काहीही दुखत नसलेल्या लोकांनाही दिसते, मग फिजिशियनकडे रक्त नॉर्मल, आणि शेवटी "काही नाहीये तुम्हाला, टेन्शन घेऊ नका". काही नाहीये!! हे ऐकून घरी आलं की हळूहळू घरचेही तसंच बघायला लागतात, आणि त्याचा त्रास दुखण्यापेक्षा कमी नसतो.

इथे डॉक्टर मॅडमनी फाईल बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, आधी तुम्ही सांगा. मग प्रश्न सुरू. सकाळी अंग किती वेळ आखडलेलं असतं, हालचाल केल्यावर मोकळं होतं की जास्त दुखतं, एखादा सांधा डोळ्यांना दिसेल असा सुजतो का, ताप, वजन घटणं, तोंडात फोड, उन्हाने चट्टे, सोरायसिस, रात्री घोरता का, कोलेस्ट्रॉलची गोळी चालू आहे का. प्रत्येक प्रश्न का विचारला तेही सांगितलं, उदाहरणार्थ कोलेस्ट्रॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी स्नायू दुखू शकतात आणि झोपेत श्वास अडकत असेल तर नुसत्या त्यानेही माणूस दिवसभर गळून जातो. मग बोटांचा एकेक सांधा दाबून बघितला आणि हात छातीवर घडी घालून खुर्चीतून उठायला सांगितलं. मी उठले, दुखलं पण उठले. त्या म्हणाल्या की हेच बघायचं होतं, स्नायूंना सूज येणाऱ्या आजारात ताकदच जाते, तुमची ताकद शाबूत आहे, दुखतंय ते वेगळ्या कारणाने. इतक्या साध्या गोष्टीतून इतकं कळतं आणि तोवर मला कुणी खुर्चीतून उठायलासुद्धा लावलं नव्हतं.

नंतर एक फॉर्म. त्यावर माणसाची बाह्याकृती, आणि गेल्या आठवड्यात जिथे जिथे दुखलं तिथे पेनाने खूण करायची, एकूण 19 जागा. खाली थकवा, उठल्यावर ताजंतवानं न वाटणं आणि लक्ष न लागणं याला प्रत्येकी 0 ते 3 मार्क, शिवाय डोकेदुखी, ओटीपोटात दुखणं आणि उदासी गेल्या सहा महिन्यांत होती का. आधी 1990 च्या निकषांप्रमाणे ठरलेल्या 18 जागा दाबून बघायचे, तपासणाऱ्याच्या अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतक्या जोराने, आणि 11 ठिकाणी दुखलं तर फायब्रोमायल्जिया, म्हणजे सगळं अंग कायम दुखत राहण्याचा, थकवा आणि अपुऱ्या झोपेचा आजार. आता 2016 च्या सुधारित निकषांमध्ये ती दाबादाबी लागत नाही, दुखणं शरीराच्या पाचपैकी निदान चार भागांत हवं, किमान तीन महिने हवं आणि मार्क ठरलेल्या हद्दीच्या वर हवेत. माझ्या 19 पैकी 11 जागा भरल्या. खुणा करून झाल्यावर तो कागद हातात धरून मी नुसती बघत बसले, कारण मी जे तोंडाने सांगून थकले होते ते सगळं एका पानावर दिसत होतं.

तपासण्या मोजक्याच लिहिल्या, ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. सीबीसी, शरीरातली सूज दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी, थायरॉईड, स्नायूंचं सीपीके, व्हिटॅमिन डी, बास. माझी आधीची एएनए ही रक्ताची टेस्ट किंचित पॉझिटिव्ह होती आणि मी ल्युपसच्या, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते त्या आजाराच्या भीतीने अर्धमेली झाले होते, तर त्यांनी समजावलं की कमी प्रमाणात ती पूर्ण निरोगी लोकांतही पॉझिटिव्ह येते, सांधे सुजलेले नाहीत, चट्टे नाहीत, लघवीचा रिपोर्ट ठीक आहे, मग त्या एका आकड्याला धरून बसायचं नाही. आणि हो, फायब्रोमायल्जिया दाखवणारी रक्ताची टेस्ट नाहीये, ती आहे असं सांगून कुणी महागडं पॅकेज गळ्यात मारत असेल तर दहा वेळा विचार करा.

रिपोर्ट आल्यावर मॅडम "काहीच निघालं नाही" असं म्हणाल्या नाहीत. "फायब्रोमायल्जिया आहे" असं सरळ म्हणाल्या. स्नायू किंवा सांधे झिजत नाहीयेत, मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे सिग्नल वाढवून घेतायत, म्हणून साध्या स्पर्शानेही दुखतं. अशा दुखण्याला 2017 पासून नोसिप्लास्टिक असं वेगळं नावही आहे म्हणे. उदासीचे प्रश्न विचारले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, वाटलं झालं, आता परत सगळं मनावर ढकलणार, पण त्यांनी आधीच स्पष्ट केलं की झोप, मूड आणि दुखणं एकमेकांना वाढवतात म्हणून विचारतेय, दुखणं खोटं आहे म्हणून नाही.

उपचारात जादू काही नाही आणि त्यांनी तसं भासवलंही नाही. स्टेरॉईड नाही, रोजची पेनकिलर नाही कारण या दुखण्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. रात्री अमिट्रिप्टिलिन, म्हणजे मूळची डिप्रेशनची गोळी, अगदी कमी डोसमध्ये, सकाळी थोडी गुंगी आणि तोंड कोरडं पडेल हे आधीच सांगितलं, आणि पडलंच. नाहीच जमलं तर ड्युलोक्सेटीन किंवा प्रीगॅबलिनचा विचार करू म्हणाल्या. मुख्य भर व्यायामावर, युरोपच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही ठामपणे शिफारस आहे ती फक्त व्यायामाची. पण सुरुवात इतकी कमी की दुसऱ्या दिवशी अंग धरणार नाही, आणि बरं वाटलं त्या दिवशीही ठरलंय तेवढंच. झोप सुधारलीये, दुखणं आहे पण त्याची धार कमी झालीये. एवढंही माझ्यासाठी खूप आहे.

आता पाचवा स्टार. पहिल्या वेळेला भरपूर वेळ दिला, पुढच्या वेळी मात्र बाहेर ताटकळत बसा आणि आत पाच मिनिटांत संपवा. व्यायाम किती आणि कसा वाढवायचा हे कागदावर लिहून दिलंच नाही, त्यामुळे तिथल्याच फिजिओने पहिल्याच दिवशी इतका करून घेतला की पुढचे काही दिवस मी अंथरुणात. दुखणाऱ्या माणसाला लेखी प्लॅन द्यायलाच हवा, लक्षात राहत नाही हेच तर आमचं लक्षण आहे. गोळीबद्दल शंका विचारायला फोन केला तर रिसेप्शनवर "अपॉइंटमेंट घ्या" एवढंच.

कुणी जाणार असाल तर चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या, दोनेक आठवड्यांची झोप आणि दुखण्याची नोंद न्या, आणि सांधा सुजला असेल तर त्याच दिवशी फोटो काढून ठेवा, दाखवायच्या दिवशी सूज नेमकी उतरलेली असते. निदान झाल्यावरही नवीन काही सुरू झालं, म्हणजे खरी सूज, ताप, हातापायातली ताकद जाणं, तर "फायब्रोच असेल" म्हणून अंगावर काढू नका, परत दाखवा. याच्या जोडीला दुसरा आजारही असू शकतो, आणि मॅडमनी हे मला दोनदा बजावून सांगितलं.